खाडीचा चिखल जिवंत असताना पाहा : पुण्यातील वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र विभागांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र व पर्यावरणशास्त्र विभागप्रमुख आणि कोकणच्या अभ्याससहली ठरवणारे सर्व प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या विभागांत कोकण सहलीची तयारी सुरू होते. बस ताम्हिणी घाटातून खाली उतरते, हरिहरेश्वर किंवा मुरूडच्या खडकांवरून सरगॅसम, उल्वा, पॅडिना ही समुद्रशेवाळे गोळा होतात. परतीच्या वाटेवर बाणकोटच्या नाहीतर राजपुरीच्या खाडीपाशी दहा मिनिटे थांबून कोणीतरी बाटलीभर चिखल घेते. झाकण घट्ट लावलेली ती बाटली सामानाच्या कप्प्यात जाते. आठ-पंधरा दिवसांनी चिखल आम्लात उकळला जातो, स्लाइड होते आणि प्रकल्पवहीत ‘खाडीतील डायटम’ म्हणून वीस-पंचवीस नावांची यादी येते.

त्या दिवशी त्या खाडीत काय जगत होते, हे ती यादी सांगत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे. त्यावरचा उपाय अवघड नाही आणि महागडाही नाही. सहलीची तारीख नीट निवडावी लागते, मुक्कामाची एक सकाळ द्यावी लागते आणि लेन्स पुसायचा कागद लागतो.

डायटम म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शैवाल. त्याचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीचे. त्याचे दोन भाग कुंकवाच्या करंड्यासारखे एकात एक बसतात, म्हणून मराठी परिभाषेत त्याला करंडक असेही म्हणतात. पेशी मेली तरी करंडा राहतो. खाडीच्या चिखलात नदीने वरून आणलेली गोड्या पाण्यातली कवचे असतात, भरतीबरोबर आलेल्या कॉसिनोडिस्कस, थॅलॅसिओसिरा अशा तरंगत्या डायटमांची असतात आणि तिथेच राहणाऱ्या नॅव्हिक्युला, निट्झ्शिया, गायरोसिग्मा, अँफोरा यांचीही असतात. आम्लात उकळली की सगळी सारखीच स्वच्छ, सारखीच पारदर्शक. पेशीतली लवके, म्हणजे रंगद्रव्याच्या पिशव्या, जळून गेली की कोण जिवंत होते आणि कोण कधीचे मेलेले, हे ओळखायला काही उरत नाही. त्यातही मोठी, जाड कवचे टिकतात आणि नजरेत भरतात. सिलिंड्रोथिका क्लोस्टेरियमसारखी पातळ, नाजूक कवचे मात्र उकळण्यातच विरून जातात. मग अहवालात कॉसिनोडिस्कस ‘प्रमुख जाती’ ठरते. ती चिखलावर वाढतसुद्धा नाही, पाण्यातून खाली बसलेली असते.

पदवीच्या वर्गातल्या यादीवरून एवढे पत्र कशाला, असे वाटू शकेल. २०११ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनांत ‘जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे’ सर्वाधिक संरक्षणाच्या गटात आहेत. सक्रिय म्हणजे नेमके किती, याचा आकडा तिथे दिलेला नाही. कांदळवन लांबून दिसते, उपग्रहाच्या चित्रातही दिसते. त्याच्या पुढचा उघडा चिखल मात्र भराव टाकण्याजोगी रिकामी जागा वाटतो. त्या रिकाम्या वाटणाऱ्या चिखलाच्या वरच्या दोन-तीन मिलिमीटरांत डायटमांचे कुरण असते. बोय मासा तेच खरवडतो, निवट्या त्यावर जगतो, लहान खेकडे चिमट्याने चिखल उचलून त्यातले डायटम काढून घेतात आणि उरलेल्या गाळाच्या गोळ्या बिळाभोवती मांडून ठेवतात. डायटम सरकताना जो चिकट स्राव सोडतात त्याने गाळाचे कण एकमेकांना धरून राहतात आणि लाटेने सहज उठत नाहीत. उद्या एखाद्या सुनावणीत कोणी विचारले, या पट्ट्यावर काय जगते, तर उत्तर म्हणून आपल्याकडे बहुधा विद्यार्थ्यांच्याच नोंदी असणार. त्या नोंदी खऱ्या असाव्यात, ही तळमळ आहे.

सुरुवात तारखेपासून. सहलीची तारीख आज बसच्या आणि परीक्षेच्या सोयीने ठरते. ती तिथी बघून ठरवा. कोकणातला प्रत्येक मच्छीमार जाणतो तो हिशेब असा : तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ येते आणि सुमारे सहा तास मागेपुढे सुकती, म्हणजे ओहोटी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण सुकती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठे असते, पट्टा खूप उघडा पडतो, पण तो सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, उजेडच नसतो. अष्टमीला सुकती भर दुपारी येते, पण ती भांगाची. पाणी फारसे उतरत नाही, खालचा पट्टा उघडाच पडत नाही, आणि बाराच्या उन्हात डायटम प्रखर उजेड चुकवायला किंचित खाली सरकतात. म्हणून शुद्ध किंवा वद्य चतुर्थी ते षष्ठी हे तीन दिवस उत्तम. हा हिशेब ठोकळ आहे. गावागणिक अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घ्या.

वेळेचा एवढा आग्रह धरण्याचे कारण म्हणजे चिखलातले डायटम चालतात. पाणी उतरून उजेड पडला की अर्ध्यापाऊण तासात ते वर येतात आणि भरती परतायच्या आधीच खाली जाऊ लागतात. साडेआठला राखाडी दिसणारा चिखल साडेनऊला सोनेरी-तपकिरी झालेला असतो. त्यावर वाकून पाहिले तर मखमलीसारखी साय आणि तिच्यात अडकलेले प्राणवायूचे बारीक बुडबुडे दिसतात. एका गटाने आठला आणि दुसऱ्याने दहाला नमुना घेतला, तर दोन जागांतला फरक म्हणून ते जे मांडतील तो खरे म्हणजे दोन वेळांतला फरक असेल.

चिखलात उतरताना खालच्या अंगाने जा आणि नमुना वरच्या, न तुडवलेल्या बाजूने घ्या. पोटरीभर रुतणाऱ्या जागी दोन फळ्या आलटूनपालटून टाकत पुढे सरकावे. कांदळवनात शिरायचे असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी घ्या, ऐनवेळी मिळत नाही. नमुन्याला २० मिलीची इंजेक्शनची सिरिंज पुरते. तिचे तोंडाकडचे टोक करवतीच्या पात्याने सरळ कापा, कड पॉलिश कागदाने गुळगुळीत करा आणि आतला व्यास व्हर्नियरने मोजून वहीत लिहा. साधारण २ सें.मी. भरतो, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौ. सें.मी. दट्ट्या चिखलाच्या पृष्ठभागाला टेकवून तिथेच धरा आणि नळी खाली दाबा. दट्ट्या न धरता नुसती नळी खुपसली तर गाळ आत दाबला जातो आणि वरचे ५ मि.मी. म्हणून आपण जे कापतो त्यात प्रत्यक्षात सात-आठ मिलिमीटरांचा माल येतो. बाहेर काढल्यावर दट्ट्याने हळूहळू वर ढकला आणि ५ मि.मी.वर ब्लेडने काप घ्या. २ मि.मी.चाही घेता येतो, पण तेवढ्या पातळ थरात वर-खाली होण्याचा परिणाम फार मोठा दिसतो. नवख्या हातांना ५ मि.मी. बरा. एका जागी किमान पाच नळ्या घ्या, कारण डायटम डागाडागाने वाढतात. खेकड्याच्या गोळ्यांचा ढीग टाळा, तो चाळून झालेला गाळ असतो.

जिवंत पाहण्यासाठीचा चिखल वेगळा घ्यायचा. तो वरचा सेंटीमीटरभरच, चमच्याने उचलून, उथळ पसरट डब्यात. खोल बाटलीत भरून झाकण लावले की काही तासांत आतला प्राणवायू संपतो, सडक्या अंड्याचा वास येतो आणि डायटम मरतात. थेट बर्फावरही ठेवू नये. ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवावे. सोबत त्याच जागेचे दोन लिटर पाणी घ्या. पुढे प्रत्येक वेळी हेच पाणी गाळून वापरायचे आहे. नळाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातले तर क्षारतेच्या धक्क्याने पेशी फुटतात, आणि दुसऱ्या खाडीचे पाणी घातले तरी त्या आखडतात. सप्टेंबरमध्ये तर त्याच खाडीच्या तोंडाशी आणि चार किलोमीटर आतल्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता लेन्स-कागदाची पद्धत. ईटन आणि मॉस यांनी १९६६मध्ये ती मांडली, आणि लॉजच्या खोलीतही ती जमते. संध्याकाळी चिखल पेट्रीबशीत सेंटीमीटरभर जाड पसरा, वर साठलेले पाणी ड्रॉपरने किंवा टिपकागदाच्या कडेने काढा आणि बशी रात्रभर काळोखात ठेवा. सकाळी चिखलाचा पृष्ठभाग चकाकता ओला हवा, पण त्यावर पाणी तरंगता कामा नये. या एका गोष्टीवर निम्मे यश अवलंबून असते : पाणी जास्त असेल तर गाळच कागदात शिरतो, कमी असेल तर कागद वाळून डायटम चिकटून मरतात. लेन्स-कागदाचे २ सें.मी. चौकोन कापून दोन एकावर एक ठेवा. खालचा गाळ अडवतो, वरच्यात डायटम चढून येतात. कॅमेऱ्याची किंवा सूक्ष्मदर्शकाची लेन्स पुसायचा खराच कागद हवा. चेहरा पुसायच्या टिश्यूचे धागे सुटतात आणि स्लाइडवर डायटमांपेक्षा तेच जास्त दिसतात. गाळणकागद दाट असतो, त्यातून पेशी वर येत नाहीत.

कागद ठेवायची वेळ खाडीच्या घड्याळाने ठरवा. डायटमांची भरती-ओहोटीची लय खोलीत आणल्यावरही एखाददोन दिवस टिकते. आदल्या दिवशी सुकती नऊला होती तर आज ती पावणेदहाच्या सुमारास, तेव्हा साडेआठला बशी खिडकीच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, अशी ठेवून कागद टाका आणि साडेदहापर्यंत वरचा चौकोन उचला. दुपारी तीनला कागद टाकून काही मिळत नाही, आणि मग ‘या खाडीत डायटम कमी आहेत’ असे वहीत लिहिले जाते. अशा निष्कर्षामागे बहुतेक वेळा फक्त चुकलेली वेळ असते. उचललेला चौकोन ५ मिली गाळलेल्या खाडीच्या पाण्यात टाकून हलवा. पाणी फिकट चहासारखे झाले म्हणजे काम झाले.

ही पद्धत चालणाऱ्या डायटमांपुरतीच आहे. वाळूच्या कणाला चिकटून राहणारे कागदावर चढत नाहीत. पुळणीची वाळू असेल तर ती गाळलेल्या समुद्रपाण्यात जोराने हलवून, वाळू बसू देऊन, वरचे पाणी लगेच ओतून घ्यावे लागते, पाच-सहा वेळा. आणि वाळूत उजेडाच्या थराखाली, काही सेंटीमीटर खोलवरही जिवंत पेशी सापडतात. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी दियास किनाऱ्यावर हे काम केले आहे. म्हणून वाळू आणि चिखल यांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडू नयेत.

जिवंत थेंब काचपट्टीवर घेऊन ४०च्या वस्तुभिंगाखाली पाहा. विद्यार्थ्यांना हे दाखवायलाच हवे. बॅसिलॅरियाच्या काड्या एकमेकींवरून घसरत पूर्ण लांब होतात आणि पुन्हा गठ्ठा होतात. गायरोसिग्मा इंग्रजी एस अक्षरासारख्या बाकाने सरळ सरकते, गाळाच्या कणाला अडखळते, थांबते आणि उलट्या दिशेने निघते. आम्लाने जे पुसले जाते ते सगळे इथे दिसते : नॅव्हिक्युलात दोन कडांना लागून दोन लवके, निट्झ्शियात दोन टोकांना एकेक आणि मध्ये मोकळी जागा. हे चित्र काढून ठेवले तर पुढे स्वच्छ कवच ओळखताना निम्मा घोळ मिटतो. आणि इथेच ३०० पेशी मोजून जिवंत किती, रिकामी कवचे किती, हे वेगवेगळे लिहा. मूळ चिखलाचाही एक पातळ थेंब याच पद्धतीने मोजा, कारण कागदावर फक्त जिवंत चढलेले असतात. लगेच मोजणे शक्य नसेल तर लुगोलचे आयोडीन घाला, लवक तपकिरी होऊन ओळखू येते. बोरॅक्स घातलेले फॉर्मालिन वर्षभर ठेवण्यासाठी वापरू नका. अल्कधर्मी द्रवात सिलिका हळूहळू विरघळते.

आम्ल-उकळणी टाळा असे आम्ही म्हणत नाही. जातीपर्यंत जायचे तर कवच स्वच्छ करावेच लागते, ते फक्त दुसऱ्या क्रमांकावर यावे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऊर्ध्वपातित पाण्याने मीठ काढा, तीन वेळा, प्रत्येक वेळी रात्रभर निवळू देऊन. घाईने ओतले तर बारीक कवचे पाण्याबरोबर जातात. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, शिंपल्यांचा चुना फसफसून संपेपर्यंत. हे न करता कोणी थेट सल्फ्युरिक आम्ल घातले तर जिप्समचे सुईसारखे स्फटिक होतात आणि ते कशानेही जात नाहीत. त्यानंतर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, धुराडीत (फ्यूम हूडमध्ये), हातमोजे-चष्म्यासह. १ ते २ ग्रॅम गाळाला निदान ५०० मिलीचा बीकर घ्या आणि पेरॉक्साइड थोडे थोडे घाला, कारण खाडीच्या गाळात सेंद्रिय भाग भरपूर असतो आणि फेस अचानक उतू जातो. दोन-तीन तास गरम केल्यावर पुन्हा धुणे.

स्लाइडच्या बाबतीत मात्र आपल्या बहुतेक प्रयोगशाळांना एक गोष्ट बदलावी लागेल. काचझाकण चिकटवायला नेहमीचे डीपीएक्स हे माध्यम वापरू नका. कवचाचा अपवर्तनांक १.४३च्या आसपास, डीपीएक्सचा १.५२, फरक इतका कमी की बारीक रेषा दिसतच नाहीत, आणि विद्यार्थी न दिसलेल्या रेषांच्या जागी पुस्तकातले चित्र पाहून नाव देतो. नॅफ्रॅक्स किंवा प्ल्युरॅक्स या माध्यमांचा अपवर्तनांक १.७च्या घरात असतो. लहान बाटली सगळ्या विभागांनी मिळून मागवली तरी वर्षानुवर्षे पुरते. प्ल्युरोसिग्मा आणि गायरोसिग्मा यांच्यातला फरक, म्हणजे पहिल्यात तिरप्या रेषा आणि दुसऱ्यात उभ्या-आडव्या, या एका बदलाने स्पष्ट दिसतो. मोजणी १००च्या तेलभिंगाखाली, निदान ३०० ते ४०० झाकणे, म्हणजे कवचाचे अर्धे भाग.

हरितद्रव्य मोजणार असाल तर दोन सूचना. ५ मि.मी.च्या त्या कापात सुमारे १.५ मिली चिखल असतो आणि त्यात साधारण १ मिली पाणी. त्यावर ९० टक्के अ‍ॅसिटोन ओतले तर ते सौम्य होते. ९ मिली शुद्ध अ‍ॅसिटोन घातले की मिश्रण बरोबर ९० टक्क्यांवर येते. शीतकपाटात, काळोखात २४ तास. दुसरी सूचना, ६६५ नॅनोमीटरचे वाचन आम्ल घालण्याआधी आणि नंतर, दोन्ही घ्या, लोरेन्झेनच्या १९६७च्या रीतीने. चिखलात मेलेले, कुजलेले हरितद्रव्य इतके असते की आम्लाशिवाय काढलेला आकडा फुगलेलाच येतो. निकाल दर चौरस मीटरला मिलिग्रॅम असा द्या आणि शेजारी थराची जाडी लिहा. १० मिली द्रावात मिलीला २ मायक्रोग्रॅम निघाले तर ३.१४ चौ. सें.मी.ला २०, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६४ मिलिग्रॅम. जाडी न लिहिलेला आकडा कोणाशीच ताडून पाहता येत नाही.

नावांबद्दल. पश्चिम भारतातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमांवर हे. पृ. गांधी यांनी पायाभूत काम केले आहे, आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत डायटमांचा अभ्यास चालतो. ही आपली जमेची बाजू. पण गोड्या पाण्याच्या किंवा युरोपच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्या, म्हणजे जात ओळखायचे तक्ते, खाडीला लावल्या की प्रत्येक कवचाला कोणते तरी नाव बसवले जाते. नाव खात्रीचे नसेल तर ‘नॅव्हिक्युला, प्रकार १’ एवढेच लिहा आणि सोबत लांबी, रुंदी, १० मायक्रॉनमधल्या रेषांची संख्या व मोजपट्टीसह छायाचित्र द्या. अशी नोंद वीस वर्षांनीही दुरुस्त करता येते. चुकीचे पूर्ण नाव एकदा छापले गेले की पुढच्या दहा याद्यांत उतरत जाते.

आमची प्रत्यक्ष विनंती अशी. आपल्या सगळ्या सहली डिसेंबर-जानेवारीत जातात, त्यामुळे आपल्याकडे खाडीचा फक्त हिवाळा आहे. तीन-चार विभागांनी मिळून एकच खाडी, एकच पट्टा धरावा. एकाने पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबरअखेर, एकाने डिसेंबरात, एकाने एप्रिलमध्ये जावे. सहलीऐवजी सहा-आठ विद्यार्थ्यांचा क्षेत्रप्रकल्प केला तर एक जीपही पुरते. पट्ट्यावर तीन जागा ठरवा, कांदळाच्या मुळांपाशी, मध्यावर आणि सुकतीच्या रेषेजवळ, आणि प्रत्येकीचे अक्षांश-रेखांश नोंदवा. प्रत्येक नमुन्याच्या दोन स्लाइड करा, एक विभागात आणि दुसरी वनस्पतिसंग्रह जिथे नीट सांभाळला जातो अशा संस्थेत. उरलेला स्वच्छ माल ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, बुरशी येत नाही.

पहिल्या फेरीच्या आधी लेन्स-कागद आणि सिरिंज हातात धरून दाखवण्यासाठी आपल्यापैकी कोणत्याही विभागात यायला आम्ही तयार आहोत. ताज्या खाडीच्या चिखलासह एक सकाळ पुरते, आणि तो चिखल आणायची तिथी आपण मिळून ठरवू.

लेबल मात्र पेन्सिलीने, जाड कागदावर, बाटलीच्या आत टाका. मार्करची शाई अ‍ॅसिटोनने आणि अल्कोहोलने धुऊन जाते. त्यावर जागा, तारीख, तिथी, सुकतीची वेळ, नमुन्याची वेळ, थराची जाडी.

आपले,
किनाऱ्यावरील डायटमांचा अभ्यास करणारे काही जण, पुणे